मुंबई उपनगरांतील पूल पार्लर आणि टेबलांचे पॉकेट

पूल पार्लर म्हणजे शुल्क आकारून पूल, स्नूकर यांसारखे क्यूचे खेळ खेळण्याची सोय पुरवणारे ठिकाण. मुंबईच्या अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड यांसारख्या उपनगरांत असे पार्लर चालवताना जागेचा आकार आणि टेबलावरील पॉकेटची रुंदी हे दोन प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

पार्श्वभूमी

स्नूकरचा उगम १८७५ मध्ये जबलपूर येथील ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांमध्ये झाला, असे मानले जाते. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले. वैयक्तिक क्रीडाप्रकारात जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय होत. मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी हे विजेतेपद १९७७ मध्ये प्रथम मिळवले. मुंबईत हे खेळ दीर्घकाळ क्लब व जिमखान्यांच्या सभासदांपुरते मर्यादित होते. पार्लरमुळे सभासदत्वाविना, तासाच्या किंवा फ्रेमच्या हिशेबाने ते खेळता येऊ लागले.

जागेची गरज

९ फुटी पूल टेबलाचे खेळाचे क्षेत्र १०० × ५० इंच असते. सुमारे ५८ इंचांचा क्यू चारही बाजूंनी मोकळेपणाने चालवायचा, तर एका टेबलास सुमारे २५० चौरस फूट जागा लागते. १२ फुटी स्नूकर टेबलास हीच गरज सुमारे ३३० चौरस फुटांवर जाते. पाटीच्या दगडाच्या पृष्ठभागामुळे स्नूकरचे टेबल एक टनाहून अधिक वजनाचे असते. त्यामुळे वरच्या मजल्यावर ते बसवताना जमिनीची भारक्षमता पाहावी लागते. जागेचे भाडे मोठे असलेल्या उपनगरांत लहान टेबल मालकास परवडते, ते यामुळेच.

पॉकेटचे माप

पूलच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कोपऱ्यातील पॉकेटचे तोंड ४.५ ते ४.६२५ इंच, तर मधल्या पॉकेटचे ५ ते ५.१२५ इंच असते. चेंडूचा व्यास २.२५ इंच असल्याने कोपऱ्यातील पॉकेट चेंडूच्या साधारण दुप्पट रुंद ठरते. स्नूकरचा चेंडू ५२.५ मिलिमीटरचा असतो. त्याच्या पॉकेटच्या कडा गोलाकार असून त्यांचे माप अधिकृत साच्यांनी तपासले जाते. केवळ तोंडाची रुंदी पुरेशी नसते. कुशनच्या कापाचा कोन आणि तोंडापासून खाचेपर्यंतचे अंतर यांवरही चेंडू आत जाईल की कडेला आदळून परतेल, हे अवलंबून असते.

खेळाडू व मालक यांची पसंती

नवशिक्यांना रुंद पॉकेट सोयीचे वाटते. चेंडू लवकर जातात, खेळ रंगतो आणि ग्राहक पुन्हा येतो. शुल्क फ्रेमनुसार असेल, तर फ्रेम लवकर संपणे मालकाच्याही फायद्याचे असते. शुल्क तासावर असल्यास हा फायदा उरत नाही. स्पर्धेची तयारी करणारे खेळाडू मात्र अरुंद पॉकेट पसंत करतात. रुंद पॉकेटवर सदोष नेम खपून जातो आणि तीच सवय स्पर्धेच्या टेबलावर महागात पडते. म्हणून एकाच पार्लरमध्ये दोन्ही प्रकारची टेबले ठेवणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो. पावसाळ्यातील दमट हवेत कापड ओलावा शोषते व चेंडूची गती मंदावते. अशा वेळी अरुंद पॉकेट अधिकच कठीण वाटते.

कायदेशीर बाजू

मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ (आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम) यातील ‘सार्वजनिक करमणुकीची जागा’ या व्याख्येत बिलियर्ड्सच्या खोलीचा स्पष्ट उल्लेख आहे. राज्याच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातून निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत.