कबुलीला लागलेली चाळीस वर्षं

‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत चर्चची पायरी न चढलेल्यांच्याही कानावरून गेलेलं असतं. त्याच्यामागची गोष्टही तशीच फिरत असते. गुलामांचा व्यापार करणारा जॉन न्यूटन समुद्रात वादळात सापडला, त्याने देवाचा धावा केला, तो वाचला आणि धंदा सोडून हे गीत लिहिता झाला. गोष्ट गोड आहे, पण खरी नाही. 1748 च्या मार्चमध्ये ‘ग्रेहाउंड’ हे जहाज अटलांटिकमध्ये बुडता बुडता वाचलं आणि न्यूटनचा देवावर विश्वास बसू लागला, इतकंच त्यातलं खरं. त्यानंतरची सहा वर्षं तो गुलामांच्या जहाजांवर होता, आधी कप्तानाच्या हाताखाली आणि मग स्वतः कप्तान म्हणून. 1754 मध्ये तो थांबला तो प्रकृतीने दगा दिला म्हणून; मनाची टोचणी त्यामागे नव्हती. गीत लिहिलं गेलं ओल्नी गावात, 1 जानेवारी 1773 च्या उपासनेसाठी. आणि गुलामांच्या व्यापारातल्या आपल्या सहभागाची जाहीर कबुली त्याने एका पुस्तिकेतून दिली ती 1788 मध्ये, म्हणजे वादळानंतर चाळीस वर्षांनी. कृपा म्हणजे काय हे समजून घ्यायचं, तर गोड गोष्टीने गाळलेली ही चाळीस वर्षंच पाहावी लागतात.

ख्रिस्ती शिकवणीत कृपा ही कमाई नाही. ती उपासतापासांनी मिळत नाही आणि कबुलीनेही विकत घेता येत नाही. मग कबुलीचं काम काय? बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला, धर्मनियम काटेकोर पाळणारा परूशी आणि लोकांच्या तिरस्काराचा धनी असलेला जकातदार यांचा दाखला इथे उपयोगी पडतो. मंदिरात उभा राहिलेला परूशी खोटं बोलत नाही, हे सहसा आपल्या लक्षात येत नाही. आठवड्यातून दोनदा उपास, उत्पन्नाचा दशांश हे सगळं त्याने खरोखरच केलेलं असावं. चूक आहे ती त्याच्या मापात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी ताडून तो स्वतःला मोजतो. जकातदार दूर उभा राहतो, वर डोळे करायलाही धजत नाही आणि कुणाशीही तुलना न करता दयेची याचना करतो. नम्रता म्हणतात ती हीच, सोयीचं माप खाली ठेवणं. आणि ते ठेवायचं बळ कुठून येतं? आपण टाकले जाणार नाही, ही खात्री असेल तरच माणूस स्वतःविषयी खरं बोलू शकतो. म्हणून, माझ्या मते, कृपा ही कबुलीचं बक्षीस नाही. ती आधी येते आणि कबुली तिच्या आधाराने, पुष्कळदा फार सावकाश, उमलते.

न्यूटनचं आयुष्य हा या सावकाशीचा धडधडीत पुरावा आहे. कप्तान असताना तो रविवारी खलाशांसाठी प्रार्थना चालवायचा आणि त्याच वेळी डेकखाली माणसं साखळदंडांत असायची. 1752 च्या डिसेंबरमध्ये कैद्यांच्या बंडाचा बेत उघड झाला. तेव्हा बेत कबूल करावा म्हणून आपण मुलांना बेड्या घातल्या आणि त्यांचे अंगठे स्क्रूच्या चापात थोडे आवळले, अशी नोंद त्याने रोजनिशीत केली आहे. बेत वेळेवर कळला याचं श्रेय देवाला देऊन! स्वतःला क्षमा मिळाली असं मानणारा माणूस दुसऱ्याकडून यातना देऊन कबुली काढतो, यातली विसंगती त्याला दिसली नाही. 1764 मध्ये, धर्मगुरू होण्याच्या सुमारास, त्याचं आत्मकथन छापलं गेलं. त्यात ईश्वरनिंदा आहे, स्वैर वागणं आहे, पण गुलामांचा धंदा पाप म्हणून नाही. त्या काळी त्यात काही गैर वाटलं नव्हतं, असंच तो सांगतो. कारण उघड आहे. शिव्याशापांना समाज वाईट म्हणत होता आणि या व्यापाराला प्रतिष्ठित म्हणत होता. समाजाने आधीच नापसंत ठरवलेल्या पापांची कबुली देणं त्या मानाने सोपं असतं.

1788 च्या पुस्तिकेत मात्र माप बदललं आहे. दोन डेकमधल्या जेमतेम जागेत माणसं एकावर एक रांगांनी, फळीवरच्या पुस्तकांसारखी कशी रचली जात, जोडीजोडीने हातापायांना बेड्या कशा घातल्या जात आणि अंगठ्यांचा तो चाप काय करतो, हे तो साध्या, कोरड्या भाषेत सांगतो. आपली कबुली फार उशिरा येते आहे, हेही तो लपवत नाही. 1790 मध्ये ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाच्या समितीपुढे त्याने साक्षही दिली.

कृपा आधी येते, या म्हणण्यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: क्षमा फुकट मिळते म्हटल्यावर पाप करायला मोकळीकच मिळाली. हा आक्षेप प्रेषित पौलाच्या वेळचाच आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने तो स्वतःच मांडून ठामपणे फेटाळला. जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बॉनहोफरने 1937 च्या पुस्तकात पश्चात्तापाशिवाय वाटल्या जाणाऱ्या कृपेला ‘स्वस्त’ ठरवलं. एकट्याने देवापुढे केलेल्या कबुलीत माणूस अनेकदा स्वतःच स्वतःला माफ करून टाकतो, म्हणून ती दुसऱ्या विश्वासू माणसापुढे व्हावी, असंही तो सांगे. तो ल्युथरन होता आणि त्याच्या परंपरेत ही प्रथा मागे पडली होती, हे लक्षात घेतलं की या आग्रहाचं वजन कळतं. दुसरा आक्षेप असा, की सतत स्वतःला पापी म्हणवून घेतल्याने माणूस खचतो. खचतो खरा, कबुली गोलमोल असेल तर. ‘मी फार वाईट’ असं म्हणण्यात स्वतःभोवतीच फिरणं असतं. ‘मी अमुक माणसाचं अमुक केलं’ असं म्हटलं, की नजर त्या माणसाकडे वळते.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. कबुलीने गुन्हेगाराला शांती मिळाली, पण सोसलेल्याला काय मिळालं? लूकच्याच शुभवर्तमानातल्या जक्कय नावाच्या जकातदाराने फसवून घेतलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली होती. न्यूटनला कुणाला काय परत करता येणार होतं? डेकखाली मेलेल्यांना त्याच्या पश्चात्तापाचा काडीचाही उपयोग नव्हता, आणि या आक्षेपाला पुरं उत्तर आहे असं मला वाटत नाही. एवढंच म्हणता येतं, की बंद खोलीत राहिलेली कबुली कुणाच्याच कामी आली नसती. छापलेली कबुली गुलामांचा व्यापार बंद करू पाहणाऱ्या विल्यम विल्बरफोर्स आणि इतरांच्या चळवळीच्या हाती पुरावा म्हणून पडली. ब्रिटनने हा व्यापार 1807 च्या मार्चमध्ये कायद्याने बंद केला आणि त्याच डिसेंबरमध्ये न्यूटन वारला.

आपल्या स्मृतिशिलेवरचा मजकूर त्याने स्वतःच लिहून ठेवला होता. त्यात तो स्वतःला एके काळचा नास्तिक आणि स्वैराचारी म्हणवतो आणि आफ्रिकेत तरुणपणी आपण गुलामांचा चाकर होतो हेही सांगतो. गुलामांच्या जहाजाचा कप्तान होतो, हे त्या शिलेवर नाही. त्यासाठी 1788 ची पुस्तिकाच वाचावी लागते.