दुचाकीतील खंडित प्रभारण : दोषशोधनाची दिशा
दुचाकीची बॅटरी कधी भारित होते, कधी होत नाही; अशा वेळी घाईने बॅटरीच बदलली जाते आणि मूळ दोष तसाच राहतो. गोंदियालगतच्या कुडवा परिसरासारख्या भातपट्ट्यात पावसाळी ओलीने कपलरमधील संपर्कबिंदू गंजतात, हे प्रथम ध्यानात घ्यावे. इंजिन मध्यम गतीवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावल्यास साधारणतः १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. त्याच वेळी मॅग्नेट कॉइल, रेक्टिफायर व अर्थिंगच्या तारा एकेक करून हलवाव्यात. ज्या जोडाशी आकडा कोसळतो, तेथे दोष संभवतो. आकडा स्थिर राहिल्यास इंजिन तापल्यावर पुन्हा मोजावे; कॉइल वा रेक्टिफायर पुष्कळदा उष्णतेतच दगा देतात. चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून पाहण्याची प्रथा मात्र घातकच, कारण वाढलेल्या दाबाने रेक्टिफायर, दिवे व इंधन-अंतःक्षेपणाचे नियंत्रक जळू शकतात.