पाण्यात राहून हवा पिणारे

पोरांनो, टाकीपाशी या. काचेवर टिचक्या मारायच्या नाहीत, नुसतं बघायचं. तो केशरी गोल्डफिश सकाळपासून वरच्या वरच आहे. तोंड वर, शेपटी खाली आणि ओठांची सारखी उघडझाप. आता निळसर गुरामी बघा. तो खाली निवांत फिरतो, मध्येच झपकन वर येऊन एक घोट घेतो, एखादा बुडबुडा सोडतो नि पुन्हा खाली. तोंड दोघंही वर काढतात, पण एकाचा जीव कासावीस झालाय आणि दुसऱ्याचं हे रोजचंच आहे.

मासा तोंडाने पाणी आत घेतो आणि कल्ल्यांच्या झाकणाखालून बाहेर सोडतो. आत लालभडक, पातळ पापुद्रे असतात. पाणी एका दिशेने वाहतं आणि पापुद्र्यांतलं रक्त बरोब्बर उलट दिशेने. त्यामुळे रक्त पुढे सरकेल तसं त्याला अधिकाधिक ताजं पाणी भेटतं. काही मासे पाण्यातला 80 टक्क्यांपर्यंत प्राणवायू असा काढून घेतात. आपली फुफ्फुसं श्वासातला साधारण पाव हिस्साच घेतात. एवढी करामत लागतेच, कारण लिटरभर हवेत प्राणवायू 210 मिलिलिटर, तर 25 अंशांच्या लिटरभर पाण्यात जेमतेम 6!

त्यात आपल्या कुपवाडचा उन्हाळा. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशांना लिटरमागे 9 मिलिग्रॅम, 35 अंशांना 7. आणि नेमकं तेव्हाच तापलेल्या माशाला तो जास्त लागतो. रात्री वीज गेली, पंप थांबला, की टाकीतल्या वनस्पतीही अंधारात प्राणवायू बनवत नाहीत, उलट वापरतात. म्हणून पहाटे सगळ्यांत जास्त टंचाई. मग बिचारा गोल्डफिश वर येतो, कारण हवेला टेकलेल्या पाण्याच्या पातळ थरात प्राणवायू जरा अधिक असतो. तो थर तो कल्ल्यांवरून फिरवतो.

मिनिटभर घड्याळ लावून त्याच्या कल्ल्यांची झाकणं किती वेळा हलतात ते मोजा. एरवी मासा स्वस्थ असताना मोजलेला आकडा वहीत असेल, तर आजचा त्रास लगेच कळतो. पाणी बदलल्याबरोबर ही धाप लागली, तर नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने कल्ले पोळलेत का, तेही बघायचं. आजचा दोष मात्र उकाड्याचा दिसतोय. पंप चालू करा. त्याचे बुडबुडे पाण्याचा पृष्ठभाग ढवळतात, आणि त्या ढवळण्यानेच हवा पाण्यात जास्त मिसळते.

नदीला कुठला पंप लावणार? मळी, सांडपाणी पाण्यात मिसळलं की ते कुजवणारे जिवाणू प्राणवायू संपवतात. मार्च 2023 मध्ये आपल्या कृष्णेत, अंकलीच्या बाजूला, हजारो मासे मरून तरंगले. आठवलं की आजही पोटात कालवतं.

आता तुम्ही विचाराल, आजोबा, बाहेर एवढी हवा असताना मासा बाहेर काढला की का मरतो? कल्ल्यांचे पापुद्रे पाण्यातच सुटे राहतात. हवेत आले की भिजलेल्या वहीच्या पानांसारखे एकमेकांना चिकटतात आणि प्राणवायू घ्यायला जागाच उरत नाही. गुरामीने यावर तोड काढली. त्याच्या कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते. तिच्यात वळणावळणाची हाडं, त्यांवर रक्ताने भरलेली नाजूक त्वचा. वर येऊन घेतलेला घोट तिथे साठतो. या सोयीवर तो इतका विसंबलाय की वर यायला जाळीने अडवलं, तर पाण्यात असूनही गुदमरेल. आणि गंमत म्हणजे त्याच्या पिल्लांना जन्मतः ही पोकळी तयार नसते. काही आठवड्यांनी ती घडते, मग पिल्लू वर येऊन हवा घ्यायला लागतं.

गुरामीचा एक भाऊबंद याहून धीट. 1791 मध्ये तामिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीला डाल्डॉर्फ नावाच्या डॅनिश लेफ्टनंटने ताडाच्या खोडावर, जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर, सालीच्या भेगेत चक्क एक मासा पाहिला. 1797 मध्ये त्याने ते छापलंही. त्या माशाला हवेचा श्वास जमतो, म्हणून तो पाण्याबाहेर टिकतो.

ताडावर दिसलेला तसला मासा आपल्याकडे दाखवता येणार नाही, पण मरळ दाखवता येईल. बाजारात ती थोड्याशा पाण्यात जिवंत राहते, तीही हवा घेते म्हणूनच. तळ्यात तिची तांबूस पिल्लं घोळक्याने वर येतात, हवा घेतात आणि परत खाली जातात. त्या जागी पाण्यावर बारीक खळबळ उठते. मासेमार तीच हेरतात, कारण पिल्लांच्या जवळपास त्यांची राखण करणारी मोठी मरळ असणारच.