अळूच्या पानाचा धडा

‘अळवावरचे पाणी’ असे आपण क्षणभंगुर गोष्टीला म्हणतो. ते पाणी पानावर टिकत का नाही, हे वर्गात सहज पाहता येते. अळूचे ताजे पान घ्यावे, त्यावर खडूची पूड भुरभुरावी, दोन-चार थेंब पाणी सोडावे आणि पान कलते करावे. थेंब मोत्यांसारखे घरंगळतात व जाताना पूडही उचलून नेतात. आता पानाचा एक भाग बोटाने चांगला घासून तेथे थेंब टाकावा. तो पसरतो. (अळू खाजते, म्हणून नंतर हात धुवावेत.)

घासल्याने काय बिघडले? डोळ्यांना गुळगुळीत दिसणारे हे पान प्रत्यक्षात खडबडीत असते. कमळाचेही तसेच. त्याच्या पानावर सुमारे १/१०० मिलिमीटर आकाराचे उंचवटे असतात आणि त्यांवर कितीतरी पटींनी बारीक अशा मेणाच्या नळ्यांचा थर असतो. थेंब फक्त टोकांवर टेकतो. खाली हवा राहते. धुळीचे कणही टोकांवरच टेकलेले असल्याने ते पान सोडून थेंबाला चिकटतात. बोटाने घासले की मेणाची ही नक्षी मोडते.

जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाने तपासत असत. काही पाने तपासणीपूर्वी स्वच्छ करावीच लागत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. त्याचे सविस्तर स्पष्टीकरण १९९७ साली प्रसिद्ध झाले आणि १९९९ साली पावसाने आपोआप धुतला जाणारा, बाहेरच्या भिंतींसाठीचा ‘लोटुसान’ हा रंग बाजारात आला.

मात्र नुसता गुण उचलणे पुरेसे नाही. पाणी न धरणारे कापड बनवताना अनेक ठिकाणी फ्लोरीनयुक्त रसायने वापरली गेली. कार्बन-फ्लोरीन बंध इतका बळकट असतो, की ही रसायने निसर्गात सहजी विघटित होत नाहीत. ती पिण्याच्या पाण्यात आणि माणसाच्या रक्तातही सापडली आहेत. पान तेच काम मेणाने करते आणि गळाल्यावर मातीत मिसळून जाते.

म्हणून निसर्गाचे अनुकरण करताना तीन प्रश्न विचारावेत, असे आम्हाला वाटते. रचना कशी आहे? ती कशापासून बनली आहे? काम संपल्यावर तिचे काय होते? पहिल्याचे उत्तर वरील प्रयोगात मिळते. उरलेल्या दोहोंसाठी तेच पान ओल्या मातीत पुरून महिन्याभराने उकरावे आणि मुलांना विचारावे, ‘आपल्या दप्तरातील कोणती वस्तू अशी मातीत मिसळेल?’