घड्याळाचा चार्जर : अडॅप्टर कुठलाही, टोक मात्र त्याचंच

आजच्या विषयासाठी तुम्ही आधी पाठवलेले प्रश्न आम्ही वाचले. शब्द वेगवेगळे आहेत, पण बहुतेकांची शंका एकच : फोनबरोबर आलेला मोठा चार्जर, कुणाकडे ३३ वॉटचा तर कुणाकडे ६५ वॉटचा, स्मार्टवॉचला लावला तर घड्याळ जळेल का? उत्तर लगेच देऊन टाकतो. वॉट जास्त आहेत एवढ्यावरून घड्याळ जळत नाही. पण होतं काय, या प्रश्नात आपलं सगळं लक्ष भिंतीकडच्या टोकाला लागलेलं असतं, आणि घोटाळा होतो तो दुसऱ्या टोकाला, जिथे घड्याळ टेकतं. आज आपण जास्त वेळ तिथेच घालवणार आहोत.

बोलताना आपण सगळ्याला मिळून चार्जर म्हणतो. प्रत्यक्षात तीन गोष्टी आहेत : भिंतीत बसणारा अडॅप्टर, मधली वायर, आणि घड्याळाच्या पाठीला चिकटणारं टोक. हे टोक म्हणजे कधी गोल चकती, कधी दोन-चार पिनांची पट्टी, कधी चिमटा. वायर आणि टोक बहुधा एकत्र जोडलेलेच येतात. आणि गंमत अशी, की बॅटरी खरोखर चार्ज करणारं सर्किट या तिन्हींत नसतंच. ते घड्याळाच्या आत असतं. बाहेरून फक्त पुरवठा येतो; त्यातला किती घ्यायचा, कधी हात आखडायचा, कधी थांबायचं, हे आतली चिप ठरवते.

आता वॉटचं बघू. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी दहा हजार लिटरची आहे म्हणून तुमच्या हातातला पेला फुटतो का? नाही. तुम्ही नळ जेवढा सोडाल तेवढंच पाणी येणार. अँपिअरचं तसं आहे : अडॅप्टरवर लिहिलेला आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो, घड्याळ हवा तेवढाच ओढतं. व्होल्ट म्हणजे मात्र पाण्याचा दाब. तो वाढला तर पेला हातातून उडेल. म्हणून बघायचं ते व्होल्ट. यूएसबीचा साधा पुरवठा ५ व्होल्टचा असतो. नवे फास्ट चार्जर ९, १२, २० व्होल्टपर्यंत जातात, पण समोरच्या उपकरणाने तसं मागितलं तरच. मागणी आलीच नाही, तर धड बनवलेला चार्जर ५ व्होल्टवरच बसून राहतो.

आकडे मांडून बघा. लहान स्मार्टवॉचची बॅटरी साधारण ३०० मिलीअँपिअर-अवरची असते, आजच्या फोनची ५,०००ची. म्हणजे फोनची बॅटरी सोळा-सतरा पट मोठी. घड्याळ ५ व्होल्टवर ३०० मिलीअँपिअर घेत असेल, तर हिशेब होतो दीड वॉटचा. ५ वॉटचा, ५ व्होल्ट १ अँपिअरचा जुना अडॅप्टर, जो तुमच्या कपाटातल्या वायरींच्या गुंत्यात पडलेला असेल, तो याला पुरून उरतो. त्यामुळे घड्याळासाठी म्हणून नवा, महागडा अडॅप्टर घेणं आम्हाला अनावश्यक वाटतं. एक अपवाद आहे, त्याच्याकडे येतोच.

मग स्वस्त घड्याळांच्या पुस्तिकेत ‘फास्ट चार्जर वापरू नका’ असं का छापलेलं असतं? आत्ताच आम्ही म्हटलं ‘धड बनवलेला चार्जर’, त्यात याचं उत्तर आहे. अशा घड्याळाच्या वायरीत बहुधा काहीच हुशारी नसते. पुरवठा येईल तसा थेट पिनांवर. अडॅप्टर बनावट असेल, बिघडलेला असेल आणि व्होल्ट वर चढले, तर मध्ये अडवणारं कुणी नाही. तेव्हा पुस्तिकेत ५ व्होल्ट १ अँपिअर लिहिलंय ना, तर तेवढाच वापरावा. अडॅप्टर घेताना त्यावरचं बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ या अक्षरापुढचा आठ अंकी नोंदणी क्रमांक बघा. ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपमध्ये तो टाकला की कुणाच्या नावावर आहे ते समजतं. नुसतं चिन्ह छापणं कुणालाही जमतं, म्हणून क्रमांक टाकून बघायचा. मात्र अडॅप्टरची नोंदणी खरी निघाली म्हणून सोबतची घड्याळाची वायरही चांगली, असं सिद्ध होत नाही.

आता त्या दुसऱ्या टोकाकडे येऊ. याच्या दोन जाती आहेत. एक पिनांची, दुसरी बिनपिनांची.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या हजार-दोन हजारांच्या घड्याळांना बहुतेक पिनाच असतात, दोन किंवा चार, शेजारी चुंबक. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत गेलात तर दुकानदार चार वायरी समोर टाकतो, ‘कोणतीही लावा, चिकटते’ म्हणतो. चिकटते हे खरं. पण चिकटणं म्हणजे जुळणं नव्हे, बरं का. पिनांमधलं अंतर वेगवेगळं असतं. दोन पिनांच्या वायरी २.८४ मिलिमीटर आणि ४ मिलिमीटर अशा मापांत मिळतात, चार पिनांची एक ७.६२ची. नुसत्या डोळ्याला फरक जेमतेम कळतो. अंतर जुळलं तरी अधिक कुठली आणि उणे कुठली, हे प्रत्येक कंपनीचं आपलं आपलं. ध्रुव उलटे पडले आणि घड्याळात बचावाची सोय असेल, तर नुसतं चार्ज होणार नाही. सोय नसेल तर आतलं सर्किट जाऊ शकतं. म्हणून मूळ वायर हरवली, तर घड्याळाच्या पाठीवरचं किंवा सेटिंगमधलं मॉडेलचं पूर्ण नाव घेऊन त्याच मॉडेलची वायर मागा. ‘या कंपनीची द्या’ एवढ्याने भागत नाही. एकाच कंपनीच्या दोन घड्याळांच्या वायरी एकमेकांना लागत नाहीत, असं सर्रास आढळतं.

पिनांच्या वायरीचा आणखी एक धोका आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तिच्या टोकाला चुंबक आहे आणि उघड्या पिनांवर ५ व्होल्ट आहेत. घड्याळ काढून घेतलं, बटण चालूच, वायर टेबलावर लोळतेय. शेजारी किल्ल्या, सेफ्टी पिन, स्टेपलरची पिन. चुंबक ती ओढून घेतो, दोन पिना एकमेकींना जोडल्या जातात, शॉर्ट होतो. अडॅप्टर चांगला असेल तर स्वतःला बंद करतो. नसेल तर वायरीचं टोक तापून वितळतं. चादरीवर असेल तर पुढचं सांगायला नको. तेव्हा घड्याळ काढलं की बटण बंद. घरात रांगतं मूल असेल तर वायर उचलूनही ठेवायची.

आणि घाम. घामात मीठ असतं. घड्याळ हातातून काढून ओल्या पाठीवर तशाच पिना टेकवल्या, की मीठ-पाण्यातून वीज जाते आणि पिनांचा मुलामा खाल्ला जातो. काळे, हिरवट डाग दिसतात ते हेच. पावसाळ्यात मुंबई-कोकणात तर पुसलेली पाठही पटकन कोरडी होत नाही. कोरड्या सुती कापडाने पुसा, दोन मिनिटं थांबा, मग लावा. ‘वायर खराब झाली’ म्हणून नवी आणायच्या आधी दोन्हीकडच्या पिना पुसून बघाव्यात. अनेकदा तेवढ्यावरच काम होतं.

बिनपिनांची जात म्हणजे अ‍ॅपल, सॅमसंग वगैरे. चकतीत तारेचं वेटोळं, घड्याळात दुसरं वेटोळं; एकातल्या बदलत्या प्रवाहाने दुसऱ्यात वीज निर्माण होते. फॅरडेने १८३१मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. आता लोकांना वाटतं, फोनसाठी घेतलेला वायरलेस पॅड आहे, त्यावर घड्याळही ठेवू. इथे फसगत होते. अ‍ॅपलचं घड्याळ फोनच्या साध्या क्यूआय पॅडवर चार्ज होत नाही. त्याला त्याचीच चकती लागते. गॅलेक्सी वॉच काही पॅडवर घेतं, काहींवर घेत नाही, कारण वेटोळं लहान आणि पाठ गोलसर, समोरासमोर नीट बसत नाही. घेतलं तरी निम्मी ऊर्जा उष्णतेत घालवत असेल, तर काय उपयोग? हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसत असेल तर उचला.

मघाशी म्हटलेला अपवाद आता. अ‍ॅपलने २०२१मध्ये सीरिज ७पासून जलद चार्जिंग आणलं : साधारण ४५ मिनिटांत ८० टक्के. सॅमसंगने पुढच्या वर्षी वॉच ५ला दिलं, अर्ध्या तासात ४५ टक्के. इथे तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात : घड्याळ त्या पिढीचं, चकती जलदवाली आणि अडॅप्टर यूएसबी-सीचा, पॉवर डिलिव्हरी जाणणारा. अ‍ॅपलच्या जलद चकतीची कड अ‍ॅल्युमिनियमची असते, साधी पूर्ण पांढरी प्लॅस्टिकची. सीरिज ६ला जलद चकती लावली तर बिघडत काही नाही, वेग मात्र जुनाच. हे पैसे कुणी खर्चावेत? झोपेची नोंद ठेवण्यासाठी जे घड्याळ रात्रीही घालतात आणि सकाळी आंघोळीच्या वेळेतच चार्ज करतात, त्यांनी. ज्यांचं घड्याळ आठवडाभर चालतं, त्यांनी यात पडूच नये.

समोरून विचारताय, की सगळ्यांसाठी एकच चार्जर असा कायदा झाला ना? युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४पासून फोन, टॅबलेट, इअरबड्स वगैरेंना यूएसबी-सी सक्तीचं झालं. पण त्या यादीत स्मार्टवॉच नाही. आपल्याकडेही २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने यावर बैठका घेतल्या, तेव्हा अंगावर घालायच्या उपकरणांचा विचार वेगळ्या उपगटाकडे दिला. कारण सरळ आहे : एवढ्याशा, पाण्यात चालणाऱ्या वस्तूला भोक ठेवायचं कुठे? त्यामुळे घड्याळाचं टोक अजून काही काळ ज्याचं त्याचं राहणार.

दुसरा प्रश्न, उन्हाळ्यात चार्जिंग ८० टक्क्यांवर अडतं, चार्जर गेला का? बहुधा नाही. घड्याळ तापलं की आतली चिप चार्जिंग थांबवते, आणि तिने थांबवायलाच हवं. विदर्भात मे महिन्यात खिडकीतल्या उन्हात चकती ठेवली तर दुसरं काय होणार? सावलीत, पंख्याखाली घ्या. उशीखाली मुळीच नको. घड्याळाची काच किंवा पाठ उचललेली दिसली तर मात्र बॅटरी फुगली आहे. मग चार्जर बदलून बघायचं नाही; चार्जिंग बंद, मनगटावरूनही काढायचं आणि सर्व्हिस सेंटरला न्यायचं.

आणि शेवटचा, मागच्या रांगेतून : प्रवासात पॉवर बँकवर घड्याळ दोन मिनिटं चार्ज होतं आणि बंद पडतं. अहो, घड्याळ इतका कमी प्रवाह घेतं की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि ती झोपी जाते. काही पॉवर बँकांना कमी प्रवाहाची वेगळी सोय असते, बहुतेकदा बटण दोनदा दाबून सुरू होते, पुस्तिकेत बघा. ती सोय नसेल तर दुसऱ्या पोर्टला फोन लावून ठेवा. फोन चार्ज होत असेपर्यंत घड्याळालाही मिळत राहतं.