देवळालीचा चहावाला

ईदच्या दुसऱ्या दिवशी भिवंडीहून आपा आली, सोबत तिचा सोळा वर्षांचा मुलगा. वज्रेश्वरीत आले की आपाची मुले आधी अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे पळतात. या वेळी हा मात्र मोबाईलमध्ये डोके घालून घरातच बसला. थोड्या वेळाने मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, “मामू, हे बघा. इंग्रजांची जुनी कॉमेडी आहे, पण गोष्ट आपल्या देवळालीची. यात एक चहावाला आहे, मुहंमद नावाचा.”

मी पाहिले. गोऱ्या शिपायांच्या छावणीत एक हसऱ्या चेहऱ्याचा माणूस चहा विकत फिरत होता आणि मागून प्रेक्षकांच्या हसण्याचा आवाज येत होता. भाच्याने विचारले, “हे लोक आपल्यालाच हसतायत का?”

आमच्या अब्बांनी तीस वर्षे कुंडांच्या रस्त्यावर चहाची टपरी चालवली. त्यामुळे हा प्रश्न मला जरा जास्तच लागला.

मालिकेचे नाव ‘इट एन्ट हाफ हॉट मम’, म्हणजे साधारण ‘आई गं, काय हे उकडतंय!’ बीबीसीवर ती ३ जानेवारी १९७४ ला सुरू झाली आणि १९८१ पर्यंत चालली. एकूण ५६ भाग. लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. दोघेही दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश तोफखान्यात होते, आणि पेरी तर खुद्द देवळालीत सैनिकांची करमणूक करणाऱ्या नाटक-गाण्यांच्या तुकडीत होता. तीच तुकडी त्याने मालिकेत आणली. चित्रीकरण मात्र सगळे इंग्लंडात झाले.

कल्याणहून कसारा घाट चढून गेले की इगतपुरीनंतर आणि नाशिकरोडच्या अलीकडे देवळाली लागते. इंग्रजांनी १८६१ मध्ये तिथे छावणी वसवली. मुदत संपलेले गोरे शिपाई मुंबईहून जहाज मिळेपर्यंत तिथे थांबत. जहाजे थंडीच्या दिवसांत सुटत, त्यामुळे ज्याची नोकरी भलत्या महिन्यात संपली तो महिनोन् महिने रिकामा बसून राही. ऊन, हिवताप, दारू आणि कंटाळा. डोके फिरायला आणखी काय लागते? अशा माणसाला ‘डूलाली टॅप’ झाला असे म्हणत. यातला ‘टॅप’ म्हणजे आपला तापच. पुढे ताप गळून पडला आणि डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजीत नुसते ‘डूलाली’ म्हणू लागले. आज लंडनमध्ये हा शब्द वापरणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल की ते आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या एका स्टेशनचे नाव आहे!

मालिकेत इथली माणसे तीन. साहेबांचा नोकर रंगी राम, चहावाला मुहंमद आणि दोरी ओढून पंखा हलवणारा रमजान. रंगी राम स्वतःला इंग्रजच समजतो, येता-जाता ‘आम्ही ब्रिटिश’ म्हणतो. हे काम केले मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने, चेहरा सावळा रंगवून. बेट्सचा जन्म झाशीचा, युद्धात तो गुरख्यांच्या पलटणीत होता आणि उर्दू छान बोलायचा, हे सारे खरे. तरी रंग तो रंगच. आज बीबीसी ही मालिका पुन्हा दाखवत नाही, त्याचे हे एक मोठे कारण.

इंग्रज साहेबांनाही मालिका सोडत नाही, हेही सांगायला हवे. कर्नल आणि कॅप्टन दोघेही बिनडोक. सार्जंट मेजर विल्यम्स दिवसभर ओरडतो आणि त्याचे कुणी मनापासून ऐकत नाही. साम्राज्य बुडत चालले आहे आणि ते चालवणारे नाटकात बायकांची कामे कुणी करायची यावर भांडत आहेत, असे हे चित्र.

मग मला काय खटकते? त्यासाठी एका अमेरिकन मालिकेची गोष्ट सांगतो. ‘होगन्स हीरोज’, १९६५ ते १९७१. जर्मनांच्या कैदेतले अमेरिकन आणि ब्रिटिश वैमानिक नाझी अधिकाऱ्यांना रोज उल्लू बनवतात, अशी ती कॉमेडी. त्यातल्या मूर्ख जर्मन कमांडंटचे काम वर्नर क्लेम्पेरर या ज्यू नटाने केले. हिटलर आल्यावर त्याचे कुटुंब जर्मनी सोडून पळाले होते. त्याने काम घेताना एकच अट घातली होती की हा कमांडंट कधीही जिंकता कामा नये. त्याच मालिकेतला रॉबर्ट क्लॅरी स्वतः नाझींच्या छळछावणीतून वाचलेला. थोडक्यात, ज्यांना जखम झाली होती तेच तिथे विनोद करत होते आणि विनोद कुणावर व्हायचा हे ठरवण्यात त्यांचाही हात होता. देवळालीच्या मालिकेत अशी अट कोण घालणार होते? लेखक दोघेही साहेबांकडचे. मुहंमद आणि रमजान यांच्या वाट्याला आली ती लिहून दिलेली वाक्ये.

गोष्ट १९४५ ची. त्या युद्धात सुमारे २५ लाख हिंदी सैनिक होते. ही नाटक-तुकडी पुढे ब्रह्मदेशात जाते, आणि त्याच आघाडीवर ६ एप्रिल १९४४ रोजी इंफाळच्या उत्तरेला जाट रेजिमेंटचे जमादार अब्दुल हफीज पायाला गोळी लागलेली असताना टेकडी चढले. जपान्यांच्या मशीनगनची नळी त्यांनी हाताने धरली. टेकडी मिळाली, ते गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, कबर इंफाळला आहे. कॉमेडीत लढाया कशाला, असे कुणी म्हणेल. ठीक आहे. पण इथला मुसलमान म्हटले की चहा आणि पंखा एवढेच आठवावे, याचे वाईट वाटते.

मुहंमदचे काम करणारा नट होता डिनो शफीक. जन्म १९३० चा, ढाक्याचा. बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली त्या १९४३ साली तो तेरा वर्षांचा होता. मालिकेत तो मधूनमधून इंग्रजी गाणी गातो. शेवटी ‘लँड ऑफ होप अँड ग्लोरी’ हे साम्राज्याचे गौरवगीत तो मोठ्या भक्तिभावाने सुरू करतो आणि सार्जंट खेकसतो, “शट अप!” दर भागाचा शेवट असाच. इंग्रजांचे गौरवगीत हिंदी चहावाला गातो आहे आणि त्याला गप्प कोण करतो, तर इंग्रजच! मी हे दोनदा लावून पाहिले आणि दुसऱ्यांदा मला हसू आवरले नाही.

आपल्याकडच्या पुष्कळांनी शफीकला न ओळखता पाहिले असेल. ‘माइंड युवर लँग्वेज’मधला अली नदीम तो हाच. त्या मालिकेवरूनच पुढे दूरदर्शनवर पंकज कपूर यांची ‘जबान सम्हालके’ आली. शफीक १९८४ मध्ये वारला, वय ५३.

भाच्याला एवढे सगळे सांगितले तरी त्याचे समाधान होईना. “मग हसायचं की नाही?” मी म्हटले, “त्या पंखेवाल्याचा सीन लाव.” हा रमजान बाहेर बसून पायाला बांधलेली दोरी ओढतो आणि साहेबांकडे बघत बडबडतो, तीही बहुतेक उर्दूत. लंडनच्या घराघरांत बसलेल्या प्रेक्षकांना त्यातले फारसे काही कळले नसणार.

तेवढ्यात आपा स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली. तिला इंग्रजी येत नाही. मोबाईलवरचे बोलणे कानावर पडले तशी ती थांबली, वाकून पडद्याकडे पाहिले आणि आमच्या दोघांच्या आधी तीच हसली.