गोदाकाठची सफारी

‘सफारी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आफ्रिकेतील गवताची अफाट मैदाने, उघडी जीप आणि झाडाखाली पहुडलेले सिंह उभे राहतात. परंतु हा शब्द आपल्याला परका नाही. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत सफारी म्हणजे प्रवास. त्याचे मूळ अरबी ‘सफर’. तोच शब्द फारसीच्या वाटेने मराठीतही आला. शब्द आला, तशी ती सफरही आपल्याकडे आहे काय, या जिज्ञासेने आम्ही चार विद्यार्थ्यांनी जानेवारीतील एक दिवस शहागडच्या परिसरात घालविला.

आफ्रिकेतील सफारीचे मोठे आकर्षण म्हणजे स्थलांतर. टांझानियातील सेरेंगेटी व केनियातील मसाई मारा यांच्या दरम्यान दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट दरवर्षी फिरतात. कारण साधे आहे: जिकडे पाऊस, तिकडे गवत, जिकडे गवत, तिकडे कळप. हाच न्याय गोदावरीच्या काठीही चालतो; फक्त येथील प्रवासी पंखांनी येतात.

सूर्योदयाला आम्ही नदीत उतरलो. अंगावर मळकट रंगाचे कपडे, चौघांत एक दुर्बीण आणि बोलणे बंद. सोलापूर-धुळे महामार्गाच्या पुलावरून वाहने धडधडत होती. खाली उथळ पाण्यात शेकाट्या लांब तांबड्या पायांनी चालत होते. पलीकडे वाळूवर नारिंगी रंगाची चक्रवाकांची जोडी बसली होती. संस्कृत काव्यात रात्री विरहाने व्याकूळ होणारा चक्रवाक तो हाच. हे बदक बरेचसे रात्री चरते. अंधारात हाक ऐकू येते, पण जोडी दिसत नाही. कविकल्पनेचे मूळ यातच असावे, असे मला वाटते. लडाख, तिबेट आणि मध्य आशियाकडील थंडी टाळून हे पक्षी हिवाळ्यात आपल्याकडे येतात. वरच्या अंगाला पैठणचा नाथसागर आहे. १९७६ साली धरण पूर्ण झाले, पाणी पसरले, पक्षी वाढले आणि १९८६ साली तेथे पक्षी अभयारण्य जाहीर झाले. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंबही तेथे उतरतात. त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू चांगला धरून ठेवते, म्हणून हे उड्डाण त्यांना साधते.

दुपारी प्राणी-पक्षी सावली धरतात. आम्हीही धरली आणि उन्हे कलल्यावर माळाची वाट घेतली. काळवीट पाहायचे होते. वाटेत भेटलेले एक वृद्ध शेतकरी म्हणाले, “पोरांनो, असे चालत गेलात तर हरणं दिसायची न्हाईत. माझ्या बैलगाडीच्या आडानं चला.” त्यांचे म्हणणे खरे ठरले. चालत्या माणसाला बुजणारे जनावर ओळखीच्या गाडीला तितके बुजत नाही. आफ्रिकेत जीपमधून सिंह जवळून दिसतो, त्याचेही मर्म हेच.

थोड्याच वेळात पंधरा-वीस जनावरांचा कळप दिसला. माद्या व पिले बदामी; मध्ये पिळदार शिंगांचा, काळ्या पाठीचा एकच नर. काळवीट हे आफ्रिकेतील गॅझेल कुरंगांचे जवळचे भाऊबंद. चित्ता हा त्यांचा जुना शत्रू. संस्थानिक माणसाळविलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवीत; विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर संस्थानाने त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणविले होते. भारतातील चित्ता पुढे नामशेष झाला आणि २०२२ साली नामिबियातून ८ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणावे लागले.

“मामा, ही हरणं पिकाची नासधूस करीत असतील ना?” मी विचारले.

“करतात तर! हरभऱ्याचे शेंडे खुडतात. पर त्यांना जायाला माळ तरी कुठं उरलाय?”

या एका उत्तरात सारा प्रश्न आला. ज्या माळाला आपण पडीक म्हणतो, तो काळविटाचे घर आहे. माळ नांगरला की ते शेतात येते आणि शेतकऱ्याचा शत्रू ठरते. नदीचेही तसेच. नदीसुरय उन्हाळ्यात उघड्या वाळूवरच अंडी घालतो. त्याला घरटे नाही, वाळू हेच घरटे. आपल्याला वाळू दिसते ती बांधकामापुरती. ती उपसली गेली की त्याची पिढीच खुंटते. आफ्रिकेत गवताळ मैदान पाहण्यासाठी माणसे समुद्र ओलांडून जातात. आपण आपल्या माळाची किंमत त्याच्या उताऱ्यावरून ठरवितो.

माळ राखावा तर शेतकऱ्याच्या नुकसानीची भरपाईही वेळेवर झाली पाहिजे. सारा भार त्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकणे न्यायाचे नाही. ते काम शासनाचे. आपल्या हातातले काम लहान आहे. महाविद्यालयात एक नोंदवही ठेवावी. कोणत्या तारखेला, कोठे, कोणता पक्षी अथवा प्राणी दिसला आणि किती दिसले, एवढेच तीत लिहावे. दहा वर्षांनी हीच वही काय टिकले आणि काय गेले ते सांगेल. आमच्या त्या दिवसाच्या नोंदी पहिल्या पानासाठी तयार आहेत.